फ्रान्समध्ये गाड्यांचा त्रास नसलेले सायकलचे रस्ते : कुठून कुठे जावं?

चाकोरी | ११ जानेवारी
नमस्कार मंडळी. मी ५६, नवरा ६१. सहा वर्षांपासून दोघं सायकल चालवतो. ताम्हिणी दोनदा झाला, रेवसपासून रेड्डीपर्यंतचा किनारा तुकड्या-तुकड्यांनी झाला. गेल्या वर्षी महामार्गावर एक ट्रक नवऱ्याच्या कोपराला हवा लावून गेला. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद : "मागून हॉर्न ऐकू येणार नाही अशा ठिकाणी एकदा सायकल चालवायची आहे."

भाची पॅरिसला असते, तेव्हा मेमध्ये फ्रान्स ठरतंय. सायकलीसाठी नऊ-दहा दिवस हाताशी आहेत. रोज ४०-५० किलोमीटर, त्याहून जास्त नको. तंबू नको, पाठ धरते. शाकाहारी आहोत, अंडं चालतं. नेटवर शोधलं की सगळे ल्वार नदीकडेच बोट दाखवतात. तिथे राजवाडे आहेत हे कळलं, पण आम्हाला राजवाडे नकोत, रिकामा रस्ता हवाय. जाणकारांनी सांगावं.

शेंगदाणा | ११ जानेवारी
वाचनखूण साठवली. आमची धाव सिंहगड पायथ्यापर्यंत, पण ऐकायला काय जातंय.

तुलूझकर | १२ जानेवारी
चाकोरीताई, मी अकरा वर्षं तुलूझला आहे. इथे विमानाच्या कारखान्यांमुळे मराठी माणसं बरीच आहेत, आणि नवा आलेला प्रत्येक जण पहिल्या उन्हाळ्यात कनाल द्यू मिदीवर सायकल काढतोच. तेव्हा आधी त्याबद्दल लिहितो.

तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या तो सरोवरापर्यंत २४० किलोमीटरचा हा कालवा. पिएर-पॉल रिके नावाच्या मीठकर गोळा करणाऱ्या माणसाने १६६७ मध्ये कामाला हात घातला. १६८१ मध्ये कालवा सुरू झाला, तो पाहायला रिके मात्र उरला नाही, काही महिने आधीच गेला. पूर्वी घोडे काठावरून चालत बोटी ओढायचे. ती घोड्यांची वाट आज सायकलींची झाली आहे. गाडी औषधालाही नाही.

आता खरं सांगतो. तुलूझपासून साधारण पन्नास किलोमीटर गुळगुळीत डांबर आहे. जिल्हा बदलला की पुढे बराच भाग मातीचा, आणि त्यात झाडांची मुळं आडवी पसरलेली. बारीक टायरवर बसून ती मुळं खाल्लीत तर दुसऱ्या दिवशी बसवत नाही. दुसरी गोष्ट सावलीची. फोटोत जी दुतर्फा चिनाराच्या जातीची झाडं दिसतात, त्यांना २००६ पासून बुरशीचा रोग लागलाय. औषध नाही, झाड तोडून जाळणं एवढाच उपाय. हजारो झाडं गेली. नवी लावली आहेत, पण त्यांच्या सावलीला आपली नातवंडं बसतील. शिवाय तिकडचा वारा समोरून लागला की सपाट रस्त्यावरही घाटाचा गिअर टाकावा लागतो.

मेमध्ये छानच असतं, पण नऊ दिवस तेच पाणी आणि तीच वाट. मला चौथ्या दिवशी कंटाळा आला होता.

ल्योंची_लेक | १२ जानेवारी
तुलूझकर, कंटाळ्याचं नंतर बघू. :)

ताई, आधी एक समज दूर करते. सगळे नावाजलेले सायकलमार्ग शोधतात. पण फ्रान्समधले सर्वांत निवांत रस्ते म्हणजे साधे गावरस्ते, ज्यांना काही नावच नाही. मिशेलिनचा कागदी नकाशा घ्या, दीड किंवा दोन लाखाच्या प्रमाणाचा. त्यावर तांबडे रस्ते मोठे, पिवळे मधले, आणि पांढरे अगदी बारके. आपण पांढऱ्यावर राहायचं. पांढऱ्याच्या कडेला हिरवी रेघ असली तर आणखी चांगलं, ती देखण्या रस्त्याची खूण. अशा रस्त्यावर सकाळभरात चार-पाच गाड्या भेटल्या तर रहदारी म्हणायची.

हे रस्ते डांबरी असतात, खड्डे नसतात. देशात सुमारे ३५ हजार कम्यून आहेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी एककं. प्रत्येक गावाला, मळ्याला, वाडीला रस्ता आहे. माणसं शहरात गेली, रस्ता तिथेच राहिला.

एक सापळा आहे तो लक्षात ठेवा. जिल्ह्याच्या रस्त्यांना डी आणि पुढे आकडा असतो. आकडा लांबलचक म्हणजे रस्ता बारका, असा ढोबळ नियम सगळे सांगतात. पण २००६ च्या सुमारास सरकारने बरेच जुने राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांच्या गळ्यात घातले, आणि त्यांतल्या अनेकांना सहाशे-नऊशेच्या घरातले आकडे मिळाले. योन जिल्ह्यातला डी ६०६ म्हणजे जुना राष्ट्रीय रस्ता सहा! तीन आकडी बघून भोळेपणाने शिरलात तर मागे ट्रकच ट्रक. आकड्यावर जाऊ नका, नकाशातल्या रंगावर जा.

निवांत_नाना | १३ जानेवारी
एवढं व्हिसा, विमान करून गावरस्तेच बघायचे तर भोर-वेल्हा काय वाईट आहे? आमच्या आजोळच्या रस्त्यावर दिवसाला एक एसटी येते, तीही आली तर.

चाकोरी | १३ जानेवारी
नाना, वेल्ह्याला दर महिन्याला जातो. तिथली कुत्री आता आम्हाला नावाने ओळखतात. कधीतरी दुसऱ्यांच्या कुत्र्यांना संधी देऊ या की.

बीआरएमवाला | १३ जानेवारी
मी नाशिकचा. २०२३ ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १८९१ पासूनचा प्रकार, चार वर्षांतून एकदा, १२०० किलोमीटर, वेळ ९० तास. भारतातून आता बरीच मंडळी जातात. पुढचं २०२७ ला.

आम्ही रात्री-अपरात्री गेलो ते सगळे ल्योंची_लेक म्हणतायत तसलेच रस्ते. दोन्ही बाजूंना मका, मध्ये कोणाच्या तरी घराचा पिवळा दिवा, बस. मध्यरात्री दोनला एका खेड्यात एक आजी अंगणात टेबल टाकून बसल्या होत्या, थर्मासमधून कॉफी ओतत होत्या. पैसे घेईनात. नातवाकडून वहीत माझं गाव लिहून घेतलं, "नाशिक" हे तीनदा म्हणायला लावलं.

पण हा ब्रिटनीचा, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा भाग ताईंना सुचवणार नाही. डोंगर एकही नाही आणि सपाटी दहा मिनिटंही नाही. चढ-उतार, चढ-उतार, दिवसभर. माझी चढाई मिळून अकरा-बारा हजार मीटर झाली. गुडघे कुरकुरत असतील तर तिकडचा नाँत-ब्रेस्ट कालवा बघा.

खाण्याचं मात्र सोपं. तिथली गालेत म्हणजे आपल्या उपासाच्या कुट्टूच्या पिठाचं धिरडं. मागवताना "साँ जाँबों" म्हणा, नाहीतर आत डुकराचं मांस आलंच. अंडं-चीज ठेवायला सांगा, पोटभर होतं.

शेंगदाणा | १३ जानेवारी
उपासाला गालेत! आईला सांगतो. अंड्याचं तेवढं सांगणार नाही.

ल्योंची_लेक | १४ जानेवारी
ताई, तुमच्या अटी परत वाचल्या. सपाट, रिकामं, ४०-५० किलोमीटर, रोज रात्री डोक्यावर छप्पर. माझं मत : बर्गंडीतला निव्हरने कालवा. योन नदीकाठच्या ओसेरपासून ल्वारकाठी दसीझपर्यंत, १७४ किलोमीटर. पुढे एका दिवसात नव्हेर गाठा, तिथून रेल्वेने पॅरिस.

हाच का, ते सांगते. हा कालवा खोदला तो पॅरिसच्या चुलींसाठी. मोर्व्हाँच्या जंगलातली लाकडं नदीत सोडून वाहवत क्लामसीला आणायची, तिथे त्यांचे तराफे बांधून पॅरिसला धाडायचे. कालव्याचा विचार १७८४ मध्ये सुरू झाला, आणि पुरा होईपर्यंत १८४० ओलांडलं. लाकडाचा धंदा गेला, मालवाहू बोटी गेल्या, आता फक्त सहलीच्या बोटी हळूहळू सरकतात. कालवा ज्या निएव्र जिल्ह्यातून जातो तिथे चौरस किलोमीटरला तीसेक माणसं. गर्दी करायची म्हटली तरी आणणार कुठून?

याहून रिकामं हवं असेल तर क्रोझ जिल्हा. १८५१ मध्ये तिथे पावणेतीन लाखांहून जास्त लोक होते, आज जेमतेम सव्वा लाखाच्या आत. तिथले गवंडी दर वसंतात पायी पॅरिसला जायचे, शहर बांधायचे, थंडीत घरी यायचे. हळूहळू यायचे थांबले. अगदी कोकणातल्या चाकरमान्यांची गत. रस्ते जादूचे आहेत, पण चढ आहेत आणि मुक्कामाला जागा दूर दूर. पहिल्या खेपेला नको.

आणि कालव्याचा कंटाळा आला तर सरळ उजवी-डावीकडचा पांढरा रस्ता पकडायचा, चार गावं हिंडून परत काठावर यायचं. कालवा म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी समजा. त्यावर काय टांगायचं ते तुम्ही ठरवा.

तुलूझकर | १४ जानेवारी
हे पटलं. मी दोरीवरच चालत राहिलो, म्हणून कंटाळलो.

सपाट हवं तर जुन्या रेल्वेमार्गांवरचे हरित मार्गही आहेत, इथे व्ह्वा व्हेर्त म्हणतात. १८७९ च्या योजनेत फ्रान्सने गावोगाव छोटे रेल्वेफाटे नेले. मोटारी आल्यावर बंद पडले. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळे वाट सायकलीला आयती सपाट. देशातली पहिली अशी वाट जिव्री ते क्लूनी, १९९७ ची. पेर्श भागात काँदे-स्युर-विन ते आलाँसों अशी ६७ किलोमीटरची आहे, सफरचंदाच्या बागांमधून जाते.

चाकोरी | १५ जानेवारी
ओसेर ते नव्हेर पक्कं! लेक, तू इतकं लिहिलंस की माझी अर्धी वही भरली. आता बारीक शंका. पाणी कुठे? रेल्वेत सायकल घेतात का? आणि गाडीवाले कसे वागतात?

ल्योंची_लेक | १५ जानेवारी
पाणी : स्मशानात. दचकू नका. प्रत्येक गावाच्या कडेला दफनभूमी असते, आणि थडग्यांवरच्या फुलांना घालायला तिथे नळ असतो, शेजारी हिरव्या झाऱ्या टांगलेल्या. नळावर "ओ नों पोताब्ल", म्हणजे पिण्याजोगं नाही, असं लिहिलेलं नसेल तर भरा. फाटक मात्र आठवणीने लावा, हरणं आत शिरून फुलं खातात. चर्च किंवा गावच्या मेरीशेजारी, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कचेरीशेजारी, शौचालय असतं.

रेल्वे : प्रादेशिक गाडीत, म्हणजे टीईआरमध्ये, सायकल डब्यातल्या हुकाला टांगायची. सुट्टीच्या दिवशी हुक भरतात, म्हणून मधल्या वारी जा. ओसेरसाठी पॅरिसच्या बर्सी स्थानकातून निघा. आणि "ऑक्झेर" म्हणू नका, कोणाला कळणार नाही. "ओसेर".

गाडीवाले : गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवून ओलांडायचं असा कायदा आहे. समोरून कोणी येत असेल तर मागे थांबून राहतात, हॉर्न देत नाहीत. पण गावात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो केवढ्याही बोळातून येवो. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात म्हणून तो थांबेल, या भरवशावर राहू नका. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं आहे.

आणि सोमवारसाठी पिशवीत काहीतरी ठेवा. का ते तिथे कळेल.

चाकोरी | ८ जून
परत आलो! जानेवारीत सल्ला घेऊन गायब झाले असं वाटू नये म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात वाईट झाली. विमानात सायकल पेटीत नीट बांधून दिली होती, उघडली तर नवऱ्याच्या सायकलीचा मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्यावर बसतो तो हँगर वाकलेला. ओसेरला एका म्हाताऱ्या दुकानदाराने लांब दांड्याच्या हत्याराने तो मिलिमीटर-मिलिमीटरने सरळ केला. तोंडाने सतत च्-च्-च्. आमच्यावर की विमान कंपनीवर, ते कळलं नाही.

काठावर उतरलो तेव्हा दुपारचे तीन. पहिल्या तासात आम्ही एकमेकांशी बोललोच नाही. कारण असं की आम्ही एरवी ओरडूनच बोलतो. "मागून गाडी!", "डावीकडे खड्डा!" हे सगळं ओरडण्याचं संभाषण. इथे ओरडायला काही नव्हतं, तर काय बोलायचं तेच सुचेना. बारीक खडीवर टायरचा चरचर आवाज आणि पलीकडच्या झाडीत कोकिळेच्या नात्यातला कुक्कू. भिंतीवरच्या घड्याळात ओरडतो ना, अगदी तसाच.

क्लामसीच्या पुलावर लाकूडवाल्याचा पुतळा आहे, हातात लांब आकडी. लेकने सांगितलं नसतं तर कोळी समजून पुढे गेलो असतो. तिथे दोन रात्री राहिलो आणि एका दिवसात पांढऱ्या रस्त्यांनी व्हेझलेची टेकडी करून आलो. शेवटचा चढ मी ढकलत नेला. नवऱ्याने चालवत नेला आणि नंतर दोन दिवस ते ऐकवलं.

आता सोमवार. कोर्बिन्यीच्या अलीकडचं एक छोटं गाव. बेकरी बंद, खानावळ बंद, खिडक्यांची दारंसुद्धा बंद. चौकात एक पेटीसारखं यंत्र उभं होतं. नाणं टाकलं, आत काहीतरी घरंगळलं, आणि फटीतून बगेत बाहेर आला. कोमट! पावाचं एटीएम म्हणा. चर्चच्या पायरीवर बसून त्याला मधून फाडलं, आत अमूलचा राहिलेला चीज क्यूब आणि शेंगदाण्याची चटणी. कोरड्या चटणीने घसा धरला, बाटल्या रिकाम्या. मग गेलो स्मशानात. एक बाई थडग्यावरचं शेवाळ ब्रशने घासत होत्या. मी "बाँजूर" म्हटलं, बाटली दाखवली. त्यांनी माझ्या हातून बाटली घेतली, नळ सोडला, आधीचं पाणी जाऊ दिलं, गार आल्यावर भरून दिली. मग थडग्याकडे बोट करून म्हणाल्या, "मों मारी." माझा नवरा. आणि माझ्या नवऱ्याकडे बघून प्रश्नार्थक मान हलवली. मी म्हटलं, "मों मारी." दोघी हसलो. हा मात्र घाबरून सायकलकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सार्दीचा जिना. इथे कालवा डोंगर चढतो. तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सोळा एक्लूझ, म्हणजे पाण्याचे दरवाजे. बोट आत येते, मागचं दार बंद, पाणी भरतं, बोट वर, पुढचं दार उघडतं. एका बोटीबरोबर आम्ही मुद्दाम हळू हळू गेलो. चार दरवाज्यांनंतर त्यांनी आम्हाला वाइन विचारली, आम्ही त्यांना चिक्की दिली. आमची सायकल त्यांच्या दुप्पट वेगाने जात होती, आयुष्यात पहिल्यांदा कोणाला मागे टाकलं! वर कालवा कोलाँसेलच्या बोगद्यांत शिरतो. आत काठ नाही, त्यामुळे सायकलने वरून जायचं. खाली वाकून बघितलं तर दोन्ही कडा नेच्याने भरलेल्या, पाणी काळंशार, ओल्या दगडाचा वास आपल्या लेण्यांसारखा.

त्यापुढे बाय तलावापासून उतार, आणि दोन्हीकडे पांढऱ्याशुभ्र शारोले गाई. गाडी नाही, माणूस नाही, म्हणून त्या आमच्याकडेच बघत बसायच्या. एका ठिकाणी पन्नासेक गाई कुंपणाच्या आतून आमच्याबरोबर पळत आल्या, कुंपण संपेपर्यंत. नवरा म्हणाला, शेवटी मागे लागलंच कोणीतरी.

तक्रार एकच. शातियों गावानंतर वाट काही ठिकाणी काठ सोडते आणि पाट्या कमी होतात. फोनला रेंज नव्हती. कागदी नकाशा होता म्हणून निभावलं.

बीआरएमवाला | ८ जून
मों मारी वाचून हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. टायर केवढे होते? पंक्चर?

चाकोरी | ८ जून
३८ मिलिमीटर. दोन पंक्चर, दोन्ही बाभळीसारख्या काट्यांनी. काठावर झुडपं छाटली होती त्याचे काटे. ३२ वर गेलात तरी चालेल, पण पाऊस झाला तर चिखल होतो.

निवांत_नाना | ९ जून
ताई, खर्चाचा आकडा टाका म्हणजे आम्ही वेल्ह्यालाच जाऊ.

शेंगदाणा | ९ जून
मूळ मुद्दा राहिलाच. सायकलीच्या सगळ्या दिवसांत ट्रक किती?

चाकोरी | ९ जून
नाना, आकडा नवऱ्यालाही सांगितलेला नाही.

शेंगदाणा, तीन. दोन क्लामसीजवळ राष्ट्रीय रस्ता १५१ ओलांडताना, पण ते काही आमच्या मागे नव्हते. तिसरा दुधाचा टँकर, दसीझच्या अलीकडे एका अरुंद पांढऱ्या रस्त्यावर. किलोमीटरभर आमच्या मागून सायकलच्या वेगाने येत होता आणि आम्हाला पत्ताच नाही, कारण त्याने हॉर्न दिला नाही. वळणावर नवऱ्याने सहज मागे बघितलं आणि दचकून गवतात उतरला. ड्रायव्हरने हात वर केला, पुढे गेला. नवरा तिथेच उभा, म्हणाला, "एक हॉर्न द्यायला काय झालं होतं ह्याला?"